नाण्यांवरील लेख : रोमचें तांबें आणि गोदातीरचें शिसें

बाजाराच्या दिवशीं आपल्या हातांतून कितीतरी नाणीं येतात व जातात. परंतु त्यांवर काय लिहिलें आहे हें वाचून पाहणारा मनुष्य शंभरांत एखादाच. नाणें खरें कीं खोटें एवढें पाहिलें म्हणजे आपलें काम झालें, असें आपण मानतों. यरुशलेमेंतील मंदिरांत मात्र एके दिवशीं असा प्रसंग आला कीं, नाणें मागवून घेऊन त्याची किंमत कोणी विचारली नाहीं. त्यावरील मुख कोणाचें व अक्षरें कोणाचीं, हें विचारण्यांत आलें. तो प्रसंग आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. त्याच प्रश्नाचा धागा धरून आज आम्ही रोमी लोकांच्या तांब्यापितळेच्या नाण्यांविषयीं, आणि त्याच काळीं आपल्या गोदावरीच्या कांठीं चालत असलेल्या नाण्यांविषयीं, कांहीं माहिती देणार आहों. विषय दूरदेशचा वाटला, तरी भोकरदन व अंबड ह्या तालुक्यांतील शेतकऱ्याच्या नांगराशीं त्याचा जवळचा संबंध आहे, हें लेखाच्या शेवटीं ध्यानांत येईल.

१. सोळा आण्यांचा हिशेब

रोमी नाण्यांची घडी औगुस्त कैसरानें इसवी सनापूर्वीं सुमारें २३ व्या वर्षीं नव्यानें बसविली. सर्वांत वर सोन्याचें नाणें, त्याखालीं रुप्याचा दिनार, आणि त्याखालीं रोजच्या देवघेवीचीं तांब्यापितळेचीं नाणीं. एका दिनाराचे चार सेस्टर्स होत, व सोळा आस होत. आणि एका आसाचे चार क्वाड्रान्स होत. म्हणजे एका दिनाराचे चौसष्ट क्वाड्रान्स झाले. आपल्याकडेही १९५७ सालीं नवे पैसे येईपर्यंत एका रुपयाचे सोळा आणे व चौसष्ट पैसे होत असत. तेव्हां दिनार हा रुपया, सेस्टर्स ही पावली, आस हा आणा व क्वाड्रान्स हा पैसा, असें समजलें तर भाग तंतोतंत जुळतात. हें साम्य केवळ भागांचें आहे, किंमतीचें नव्हे. तथापि ज्यांच्या आजोबांनीं आण्यापैशांत हिशेब केला त्यांस रोमी बाजार समजण्यास तें पुरेसें आहे.

सेस्टर्स हा पितळेचा, म्हणजे तांबें व जस्त ह्यांच्या मिसळीचा असे, आणि त्याचें वजन सुमारें दोन तोळे भरे. आस तांब्याचा असून वजनानें तोळ्याच्या आंतबाहेर असे. क्वाड्रान्स तर पाव तोळ्याचाच. पुढें पुढें ह्या मिसळींत कथील व शिसें येऊं लागलें. म्हणून ह्या सर्वांस सांप्रत कांस्यनाणीं असें एकच ढोबळ नांव देतात. मत्तयाच्या शुभवर्तमानांत दोन चिमण्यांची किंमत सांगितली आहे, तेथें मूळ ग्रीक शब्द ह्या आसाचाच आहे. आणि गरीब विधवेनें दानपेटींत टाकलेलीं दोन अगदीं बारीक नाणीं मिळून एक क्वाड्रान्स होतो, असा हिशेब मार्कानें आपल्या वाचकांसाठीं दिला आहे. मराठी भाषांतरकारांनीं तेथें "दमडी" हा शब्द योजून त्या नाण्याचा लहानपणा आपल्या मनावर ठसविला.

बहुतेक रोमी कांस्यनाण्यांच्या मागच्या बाजूस "एस्" व "सी" अशीं दोन ठळक रोमी अक्षरें असतात. "सेनेटच्या ठरावानें" असा त्यांचा अर्थ आहे. सेनेट म्हणजे रोमच्या थोर घराण्यांतील पुरुषांची राजसभा. दर्शनी बाजूस बहुधा सम्राटाचें मुख व त्याच्या पदव्या. आणि मागच्या बाजूस चित्र व लेख. आमचें लक्ष आज ह्या मागच्या बाजूकडे आहे.

२. तांब्यावर लिहिलेल्या बातम्या

त्या काळीं छापखाना नव्हता व वर्तमानपत्रेंही आजच्यासारखीं नव्हतीं. राजाची आज्ञा दगडावर कोरीत, ती त्या दगडापर्यंत जाणाऱ्यासच कळे. नाणें मात्र स्वतःच गांवोगांव हिंडे. सोनें सरदारांच्या व सावकारांच्या पेट्यांत राही. तांबें व पितळ हीं शिपाई, हमाल, कोळी, भाजी विकणारी बाई ह्यांच्या हातीं रोज फिरत. शिवाय सेस्टर्स रुंदीनें एका इंचाहून अधिक असल्यामुळें चित्रास व लेखास जागा भरपूर मिळे. म्हणून घडलेल्या गोष्टींचें स्मरण राहावें अशा हेतूनें रोमच्या टांकसाळींत त्यावर निरनिराळे लेख पाडण्यांत येऊं लागले. त्यांपैकीं तीन मासल्यादाखल देतों.

पहिला असा. इसवी सन १७ मध्यें आसिया प्रांतांत रात्रीच्या वेळीं मोठा भूकंप होऊन बारा नगरें उद्ध्वस्त झालीं. त्यांत सार्दीस व फिलदेल्फिया हीं होतीं. प्रकटीकरणांतील सात मंडळ्यांच्या यादींत आपण हीं नांवें वाचतों. तिबिर्य कैसरानें एकट्या सार्दीसास एक कोटी सेस्टर्स देण्याचें वचन दिलें व पांच वर्षांचा कर सोडला. पुढें इ. स. २२-२३ च्या सुमारास निघालेल्या सेस्टर्सांवर, आसियांतील नगरें पुन्हा उभीं केलीं, अशा अर्थाचा लेख आहे.

दुसरा असा. इटलींत लिलावानें विकल्या जाणाऱ्या मालावर दर दोनशांस एक असा कर होता. कॅलिग्युला ह्या सम्राटानें तो माफ केला. त्याची खूण म्हणून इ. स. ३९ च्या सुमारास क्वाड्रान्सावर "आर् सी सी" अशीं तीन अक्षरें पाडलीं. दोनशांतील एक भाग सोडला, असा त्यांचा अर्थ लावितात. विधवेच्या दोन दमड्यांच्या मोलाच्या नाण्यावर, म्हणजे राज्यांतल्या जवळजवळ सर्वांत हलक्या तुकड्यावर, करमाफीची वार्ता लिहिली गेली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. परंतु ती माफी इटलीपुरती होती. यहूदीयांतील किंवा मिसरांतील शेतकऱ्याचा कर तिनें कमी झाला नाहीं.

तिसरा असा. हेड्रियन सम्राटानें इ. स. ११८ च्या सुमारास सरकारची जुनी थकबाकी माफ केली. त्या स्मरणार्थ पाडलेल्या सेस्टर्सावर एक राजसेवक जळती मशाल घेऊन कर्जरोख्यांच्या ढिगास आग लावीत आहे असें चित्र असून, नव्वद कोटी सेस्टर्सांची जुनी बाकी रद्द केली, असा आंकड्यासह लेख आहे. पुणें व नगर जिल्ह्यांतील रयतेनें १८७५ सालीं सावकारांचे रोखे जाळले, ती हकीकत आपल्याकडे अद्याप सांगतात. त्या रयतेनें रोखे जाळले तेव्हां तिला शिक्षा झाल्या. सम्राटानें जाळले तेव्हां त्याचें नाणें निघालें. नाणें कोण पाडतो ह्यावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात.

३. एकाच देशाविषयीं दोन लेख

हें अधिक स्पष्ट कळावें म्हणून यहूदीयाचें उदाहरण घेऊं. इ. स. ६६ मध्यें तेथील लोकांनीं रोमविरुद्ध बंड केलें व आपलीं स्वतःचीं नाणीं पाडलीं. बंडाच्या चौथ्या वर्षीं, म्हणजे इ. स. ६९-७० मध्यें, निघालेल्या त्यांच्या कांस्यनाण्यांवर जुन्या इब्री लिपींत, सियोनेच्या मुक्तीसाठीं, अशा अर्थाचा लेख आहे. इ. स. ७० मध्यें तीतानें यरुशलेम घेतलें व मंदिर जळालें. पुढच्याच वर्षीं त्याचा बाप व्हेस्पेशियन ह्याचे सेस्टर्स निघाले. त्यांवर मध्यें खजुरीचें झाड, त्याखालीं शोक करीत बसलेली स्त्री, व भोंवतीं "युदेआ काप्ता", म्हणजे "यहूदीया जिंकली", अशीं अक्षरें आहेत.

वाचकहो, हीं दोन नाणीं एका तळहातावर ठेवून पाहा. एकाच धातूचीं, एकाच देशाविषयीं बोलणारीं, व दोहोंमध्यें दोन वर्षांचेंही अंतर नाहीं. एक म्हणतें, आम्ही मुक्त होऊं. दुसरें म्हणतें, तुम्ही पाडाव झालां. दुसरेंच आपल्या हातीं आलें असतें, तर त्या स्त्रीच्या रडण्याचें कारण आपणांस जेत्याच्या तोंडून तेवढें कळलें असतें.

ह्याच गोष्टीचा पुढचा भाग आणखी शिकविणारा आहे. यहूदी लोक पूर्वीं मंदिरासाठीं जी वर्षासनी रक्कम देत, ती मंदिर पडल्यावर रोममधील यूपितराच्या देवळासाठीं कर म्हणून घेण्यांत येऊं लागली. कोण यहूदी व कोण नव्हे ह्याविषयीं खोट्या चुगल्या होऊन लोक नाडले जात. इ. स. ९६ मध्यें नर्व्हा सम्राट झाला. त्याच्या सेस्टर्सावर, यहूदी करासंबंधींची खोटी चुगलखोरी बंद केली, असा लेख आढळतो. लेख सावकाश वाचला म्हणजे दिसतें कीं, कर उठविला असें त्यांत म्हटलेलें नाहीं. आणि खरोखर तो उठलाही नव्हता. नाण्यावर जें लिहिलेलें आहे तेवढेंच वाचावें, त्यांत आपल्या मनाचें भरूं नये, हा पहिला नियम होय.

४. रोमचा पैसा आपल्या मुलुखांत

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. केळणा नदीच्या कांठचें भोकरदन हें गांव पुरातन काळीं भोगवर्धन ह्या नांवानें प्रसिद्ध होतें. मध्यप्रदेशांतील सांची व भारहुत येथील स्तूपांस दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या यात्रेकरूंचा उल्लेख आहे. पैठणहून उज्जैनीकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवर हें नगर होतें असें इतिहासकार मानतात. १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा ह्या दोन विद्यापीठांच्या वतीनें शां. भा. देव व आर्. एस्. गुप्ते ह्यांनीं येथें उत्खनन केलें. त्यांत सातवाहन काळचीं नाणीं, मणी व इतर वस्तु निघाल्या. आणि हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ति निघाली, ती इटलींतील पाँपेई नगरांत १९३८ सालीं सांपडलेल्या हस्तिदंती मूर्तीशीं फार मिळतीजुळती आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. म्हणजे व्हेस्पेशियनाचे ते सेस्टर्स बाजारांत नवेच होते, त्याच सुमारास आपल्या दख्खनच्या धर्तीची कारागिरी इटलींतील एका घरांत पोंचलेली होती.

हा व्यापार कसा चाले ह्याचें वर्णन पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापाऱ्यानें आपल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकांत करून ठेविलें आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, व तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचें धाराशिव जिल्ह्यांतील तेर, असें तो सांगतो. पैठणहून अकीक जातीचे दगड व तगरहून सुती कापड गाड्यांत भरून भडोचेस जात असे. परदेशाहून भडोचेस येणाऱ्या मालांत तो द्राक्षारस, तांबें, कथील, शिसें हीं मोजतो, आणि रोमचे सोन्यारुप्याचे दिनारही मोजतो. देशी नाण्यांशीं त्यांची बदली केली असतां नफा होई, असें म्हणतो. मेनांदर, म्हणजे बौद्ध ग्रंथांतील मिलिंद राजा, व अपोलोदोत ह्यांचीं ग्रीक अक्षरांचीं जुनीं नाणीं त्या वेळींही भडोचेंत चालत होतीं, अशी नोंद त्यानें केली आहे. राजे मरून किती काळ लोटला, तरी त्यांचे लेख बाजारांत हिंडतच होते.

हिंदुस्थान दर वर्षीं रोमचे पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी नांवाच्या रोमी ग्रंथकारानें त्याच शतकांत केली. हिशेब पितळी सेस्टर्सांत असला, तरी प्रत्यक्ष आलें तें बहुतेक सोनें व रुपें. औगुस्त व तिबिर्य ह्यांचीं नाणीं दक्षिण हिंदुस्थानांत पुष्कळ सांपडलीं आहेत; रोमची बारीक कांस्यनाणीं मात्र मुख्यतः चौथ्या-पांचव्या शतकांतलीं असून तीं तामीळ देशांत व लंकेंत अधिक मिळतात. आपल्या तेर येथें तर तिबिर्याच्या नाण्याबरहुकूम भाजक्या मातीचीं पदकें केलेलीं निघालीं आहेत. दोऱ्यांत ओंवून तीं गळ्यांत घालीत असावे. पुतळ्यांची माळ घालणाऱ्या आपल्या आज्या, व पोशाखावर रुपये शिवणाऱ्या बंजारा स्त्रिया ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस ह्याचें नवल वाटणार नाहीं. कैसराचा लेख तेरच्या बाईला वाचतां येत नव्हता. तिला तो दागिना म्हणून आवडला, इतकेंच.

प्लिनीनेंच लंकेच्या राजाची एक गोष्ट दिली आहे. एक रोमी माणूस वाऱ्यानें भरकटत लंकेस गेला असतां त्याच्याजवळचे दिनार राजानें पाहिले. त्यांवरील मुखें निरनिराळ्या राजांचीं होतीं, पण वजन सर्वांचें सारखें होतें. त्यावरून रोमी लोक सचोटीचे आहेत असें राजानें ठरविलें. त्या राजानें लेखापेक्षां तराजूवर भरंवसा ठेविला. त्याचें तें करणें किती शहाणपणाचें होतें, हें पुढें दिसून आलें. तिसऱ्या शतकांत, गॅलिएनस सम्राटाच्या काळीं, रुप्याचीं म्हणविलेलीं नाणीं वरून रुप्याचा मुलामा व आंत तांबें अशा दशेस आलीं होतीं. आणि त्यांतल्याच कांहींवर, सम्राटाची समृद्धि, अशीं अक्षरें आहेत! अक्षरें धातूशीं ताडून पाहावीं, हा दुसरा नियम होय.

५. आईच्या नांवाचीं नाणीं

ज्या काळीं रोममध्यें हे लेख पडत होते, त्या काळीं पैठणास सातवाहन राजे राज्य करीत होते. त्यांचीं नाणीं तांब्याचीं, शिशाचीं, व तांबें-कथील ह्यांच्या मिसळीचीं आहेत, रुप्याचीं थोडीं. शिशाचें नाणें पाडण्याची चाल जगांत विरळा. सातवाहनांनीं मात्र शिसें मोठ्या प्रमाणावर वापरलें. भडोचेस येणाऱ्या परदेशी शिशांतील कांहीं भाग त्यांच्या टांकसाळींत जात असावा. ह्या नाण्यांवर हत्ती, सिंह, कमानींचा डोंगर, झाड, अशीं चित्रें असून भोंवतीं ब्राह्मी लिपींत राजाचें नांव असतें.

ह्या लेखांत दोन गोष्टी विशेष आहेत. पहिली, त्यांची भाषा संस्कृत नव्हे, तर लोकांची प्राकृत आहे. आणि हीच महाराष्ट्री प्राकृतावाटे आपल्या मराठीची पूर्वज होय. दुसरी, राजा आपल्या बापाचें नांव न देतां आईचें देतो. "रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस", म्हणजे गौतमीचा पुत्र श्री सातकर्णी राजा ह्याचें. "रञो वासिठिपुतस सिरि पुळुमाविस", म्हणजे वासिष्ठीचा पुत्र श्री पुळुमावी राजा ह्याचें. एकाच नांवाचे अनेक राजे होते; आईच्या गोत्रावरून त्यांतला कोणता हें ओळखूं येई. पुळुमावीच्या रुप्याच्या नाण्यांवर त्याचें मुखही आहे, व दुसऱ्या बाजूस तोच मजकूर दक्षिणेकडील भाषेंत आहे. दोन भाषांच्या प्रजेस तो ध्यानांत ठेवीत होता. मिसर देशीच्या टॉलेमी ह्या भूगोलकारानें पैठण ही "सिरो पोलेमायोस" राजाची राजधानी असें दुसऱ्या शतकांत लिहिलें; तो हाच सिरि पुळुमावी. हातांतलें नाणें व परक्याचा ग्रंथ ह्यांची अशी गांठ पडली म्हणजे इतिहासाचा पाया पक्का होतो.

६. ठशावर ठसा

आपल्या प्रांतांतील सर्वांत बोलका सांठा १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी गांवीं निघाला. त्यांत सुमारें १३,२५० रुप्याचीं नाणीं होतीं. तीं मूळ क्षहरात कुळांतील नहपान राजाचीं. त्यांवर त्याचें मुख व तीन लिप्यांत, म्हणजे ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी लिप्यांत, त्याचें नांव होतें. परंतु त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा मारलेला आढळला : एका बाजूस कमानींचा डोंगर व आपलें नांव, दुसऱ्या बाजूस उज्जैनी चिन्ह. रेव्हरंड एच्. आर्. स्कॉट ह्यांनीं हा सांठा तपासून त्याचें वर्णन १९०८ सालीं मुंबईच्या आशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापिलें.

सातकर्णीनें नहपानाचा पराभव केला, हें नाशिकच्या लेण्यांतील लेखावरून आधींच ठाऊक होतें. तो लेख त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा आहे. नातवाच्या राज्याच्या १९ व्या वर्षीं लेणें दान देतांना तिनें आपल्या मुलाची कीर्ति गायिली, व त्यानें क्षहरात कुळाचा निःपात केला असें कोरविलें. आईची ग्वाही पक्षपाती मानावी कीं काय, असा प्रश्न कोणी केला असता. त्याचें उत्तर जोगलटेंभीच्या नऊ हजार नाण्यांनीं दिलें.

तथापि त्याच नाशिकच्या डोंगरांत नहपानाचा जांवई उषवदात ह्याचेही लेख आहेत. त्यानें भिक्षूंसाठीं तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींत ठेविले. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक व एक हजारांवर पाऊण असें व्याज ठरलें होतें. पराभूत झालेल्या घराण्यांतही दानधर्म होता, व्यवहार चोख होता, हें त्यावरून कळतें. नाण्यांवरही तसेंच झालें. सातकर्णीच्या ठशाखालीं नहपानाचें नाक, हनुवटी, एखादें ग्रीक अक्षर अजून दिसतें. पुसावयास गेलेला पुसूं शकला नाहीं.

अशीच गोष्ट पुन्हा यहूदीयांत घडली. इ. स. १३२ ते १३५ ह्या काळांत बार-कोखबा ह्यानें रोमविरुद्ध दुसरें बंड उभारलें, तेव्हां बाजारांतलीं रोमी नाणींच घेऊन, तीं ठोकून-घांसून, त्यांवर यरुशलेमेच्या स्वातंत्र्यासाठीं, अशा अर्थाचे इब्री लेख मारले. त्यांखालीं कधीं कधीं कैसराचें डोकें दिसतें. नाशिक व यरुशलेम ह्यांमध्यें किती कोसांचें अंतर! पण जित व जेता दोघेही एकाच नाण्यावर बोलतात, हें दोन्हीकडे सारखेंच. म्हणून वरच्या ठशाखालीं काय उरलें आहे तें पाहावें, हा तिसरा नियम होय.

७. पांढरीची माती

आतां ह्या सर्वाचा आपल्याशीं संबंध. आपल्या खेड्यांच्या कडेला जुन्या वस्तीचें टेंकाड असतें, त्यास आपण पांढरी म्हणतों. माळवदाच्या घरांवर घालण्यास तेथली माती चांगली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती खणून नेण्यांत आली. शेतांत टाकण्यासही नेतात. पावसाळ्याच्या पहिल्या सरीनंतर अशा जागीं खापरें, मणी, व हिरवट किंवा काळसर गोल तुकडे उघडे पडतात. सोनें निघालें तर गांवभर बोलबाला होतो; तांब्याच्या व शिशाच्या तुकड्यांस कोण विचारतो? पोरें तीं खेळावयास नेतात, किंवा मोडीच्या भावानें तीं भंगारांत जातात व वितळतात. वितळल्यावर शिशाचे चार पैसे येतात. पण "गोतमिपुतस" हीं अक्षरें जीं जातात तीं कायमचीं. ज्या राजाचें नांव एकाच नाण्यावर उरलें असेल, तो राजा त्या मुशींत दुसऱ्यांदा मरतो.

ह्याच्या उलट उदाहरणेंही आपल्या जवळच आहेत. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं गांवांत व शेतांत मिळणाऱ्या जुन्या वस्तु कष्टानें जमविल्या. आज त्यांच्या नांवाचें सरकारी संग्रहालय तेथें आहे. पैठण येथें बाळासाहेब पाटील ह्यांच्या संग्रहाचेंही तसेंच झालें. पांढरींत पडलेली वस्तु टाकून देण्याजोगी नाहीं, एवढें त्यांनीं ओळखलें, आणि तेवढ्यानें सर्व मराठवाड्यावर उपकार झाले.

म्हणून आमची वाचकांस सूचना आहे कीं, असें नाणें हातीं आल्यास तें चिंचेनें किंवा राखेनें घांसूं नये. घरच्या तांब्याच्या भांड्यास जें चालतें तें येथें चालत नाहीं, कारण वरच्या हिरव्या थराबरोबर अक्षरेंही जातात. शिसें तर नखानेंही ओरखडतें. तें विस्तवांत घालून पाहूं नये. कोणत्या शेतांत, किती खोलीवर, व बरोबर काय निघालें, हें कागदावर लिहून ठेवावें. जागेची माहिती गेली कीं नाण्याची निम्मी साक्ष गेली. पुरलेला सांठा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावें. १८७८ सालच्या निखात निधीच्या कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा कळविणें बंधनकारक आहे. कळविणाऱ्यास वांटा किंवा मोबदला देण्याची तरतूद त्यांत आहे, आणि लपविणारा आपला वांटा गमावून शिक्षेसही पात्र होतो.

आपल्या गांवचा इतिहास कोणी मोठ्या ग्रंथांत लिहून ठेविलेला नाहीं. भोगवर्धनच्या विणकरांचीं, गाडीवानांचीं, मणी घडविणाऱ्यांचीं नांवें फारशीं उरलीं नाहींत. त्यांच्या हातांतून गेलेले हे हलक्या धातूचे तुकडे मात्र मातींत आहेत. सोन्याचे लेख राजांच्या खजिन्यांत जपले गेले. तांब्याशिशाचे लेख जपण्याचें काम ज्यांच्या नांगराखालीं ते येतात त्यांच्याकडेच आलेलें आहे.

अभ्यासवर्गांत विचारण्याजोगे प्रश्न

१. एका दिनाराचे आस किती व क्वाड्रान्स किती? आपल्या आण्यापैशांशीं ते कसे जुळतात?

२. इ. स. ६९-७० च्या यहूदी नाण्यावरील लेख व इ. स. ७१ च्या रोमी नाण्यावरील लेख ह्यांत काय भेद आहे? दोन्ही का पाहावे?

३. नर्व्हाच्या नाण्यावर काय बंद केल्याचें लिहिलें आहे, व काय लिहिलेलें नाहीं?

४. जोगलटेंभीच्या नाण्यांनीं गौतमी बलश्रीच्या लेखास कसा दुजोरा दिला? उषवदाताचे लेख नसते तर आपण काय गमावलें असतें?

५. आपल्या गांवची पांढरी कोठें आहे? तेथें कोणास काय सांपडलें होतें, हें घरांतील वडील माणसांस विचारून लिहून आणा.